काहीही चालेल

‘काहीही चालेल’ या दोन शब्दांत केवढा निर्दयपणा भरलेला आहे, हे मला वयाच्या विसाव्या वर्षी, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास समजले. त्याआधी हे शब्द मी स्वतः हजारो वेळा उच्चारले होते. आई दाराशी येऊन विचारायची, “आज काय करू रे?” आणि मी मान वर न करता सांगायचो, “काहीही चालेल.” आपण किती समजूतदार, खाण्यापिण्याच्या बाबतीत किती निरिच्छ, असे मला वाटायचे!

आमचे घर नंदेसरीला. बडोद्याहून अहमदाबादकडे निघाले की बाजवा, रणोली आणि मग नंदेसरी. त्यापुढे मही नदीचा पूल आणि पलीकडे वासद. गावाला लागून जीआयडीसीची वसाहत आहे, तिथे बरेचसे कारखाने रसायनांचे. त्यांतल्या एका कारखान्यात बाबा पाळीने काम करतात. मी बेळगावात काकांकडे राहून बी.कॉम. करतो आणि सुट्टीत घरी जातो. यंदा घरी पोचून चार दिवस झाले नाहीत तोच गोकाकहून मामाचा फोन आला. आज्जी न्हाणीघरात घसरून पडली होती. खुब्याचे हाड मोडले होते. आई त्याच रात्री निघाली. जाता जाता तिने डाळींचे डबे दाखवले, विरजणाचे भांडे दाखवले आणि म्हणाली, “तुला येतंच की थोडंफार. करशील.”

ते खरेच होते. मला कुकर लावता येतो, भाजी फोडणीला टाकता येते. माझ्या पोळ्यांचे नकाशे होतात, पण कच्च्या राहत नाहीत. तेव्हा स्वयंपाकाची भीती मला नव्हती. पहिले तीन दिवस झोकात गेले. चौथ्या संध्याकाळी मी दुधी, गवार आणि चार बटाटे समोर ठेवून ओट्यापाशी उभा राहिलो, आणि उभाच राहिलो. मोबाइलवर शेकडो पाककृती होत्या. पण कसे करायचे हे सांगणारे जगात लाखो असले, तरी आज, या घरात, काय करायचे हे सांगणारा एकही नसतो. शेवटी बाहेर येऊन विचारले, “बाबा, आज काय करू?”

वर्तमानपत्रामागून उत्तर आले, “काहीही चालेल.”

मी दुधी केला. पानावर बसल्यावर बाबा म्हणाले, “परवाच झाला ना दुधी?”

वाचकहो, त्या क्षणी मला माझा सगळा पूर्वेतिहास आठवला.

आईचे माहेर कानडी. फोनवर आज्जीशी बोलताना तिचे शेवटचे वाक्य बहुधा ठरलेले असते, “इवत्त एन अडगी माडली?” आज काय स्वयंपाक करू? शेजारच्या मासी रोज दारातून हाक देतात, “शुं बनाव्युं आजे?” तीन भाषांत प्रश्न एकच. पण मराठीत आणि कन्नडमध्ये त्यात एक गंमत आहे. ‘काय करू?’ आणि ‘एन माडली?’ हे शब्द स्वयंपाकाबद्दल विचारताना वापरतात, तसेच माणूस हताश झाला म्हणजेही तोंडातून बाहेर पडतात. ओट्यापाशी उभा राहीपर्यंत ही केवळ भाषेची गंमत आहे असे मी समजत होतो.

आपण वाणिज्य शाखेची मंडळी. मर्यादित साधने आणि अमर्याद गरजा हे आपले पहिलेच पान. तेव्हा हा प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीने सोडवावा असे मी ठरवले, आणि वाचता वाचता कळले की थोरामोठ्यांनी तो आधीच सोडवून पाहिला आहे. जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1945 साली एक कोडे मांडले. एका माणसाला लागणारी नऊ पोषक तत्त्वे कमीत कमी पैशांत कशी मिळतील? त्याने 77 पदार्थ घेतले. त्याचे उत्तर आले गव्हाचे पीठ, डब्यातले आटवलेले दूध, कोबी, पालक आणि सुका घेवडा. खर्च वर्षाला 39.93 डॉलर. पुढे 1947 साली जॉर्ज डँट्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत आली आणि तिची परीक्षा घ्यायला हेच कोडे निवडले गेले. नऊ कारकून हातयंत्रांवर आकडेमोड करत बसले. नऊ जणांचे मिळून सुमारे 120 दिवसांचे काम झाले आणि उत्तर निघाले 39.69 डॉलर. स्टिग्लरच्या अंदाजापेक्षा 24 सेंट कमी!

पुढे खुद्द डँट्झिग यांनी स्वतःचा आहार संगणकाकडून ठरवून घ्यायचे मनात आणले. संगणकाने सुचवलेल्या यादीत व्हिनेगर निघाले 500 गॅलन. शेवटी त्यांचा आहार त्यांच्या पत्नीनेच ठरवून दिला. हे वाचून मी मोठ्याने हसलो आणि मग उठून कणीक भिजवायला घेतली.

गणित चुकीचे नव्हते. त्यात अटी कमी होत्या. काल काय झाले, ही अट स्टिग्लरच्या कोड्यात नाही. कोण थकून येणार आहे, कोणाच्या पोटात जळजळते आहे, हीही नाही. या अटी कुठे लिहिलेल्या असतात ते मला आणखी आठ दिवसांनी सापडले. मधल्या काळात मी दोनदा शरण जाऊन नाक्यावरून शेव-उसळ आणली होती. मराठी उसळीवर गुजराती शेव घालून बडोद्याने केलेला हा पदार्थ म्हणजे गायकवाडांच्या राज्यात शेजारी नांदलेल्या दोन भाषांचा ताटलीतला तह आहे. मला तो फार आवडतो. पण दुसऱ्या खेपेला बाबा रात्रपाळीला जायचे होते, आणि सकाळी ते छातीवर हात चोळतच परतले.

“आई अशी चूक करत नाही,” असे ते म्हणाले नाहीत. पण मीच भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी गेलो. दुधाच्या खुणांसाठी ते टांगले आहे अशी माझी समजूत होती. नीट पाहिले तर प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरे होती. ‘प’, ‘दु’, ‘रा’ म्हणजे पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. ‘रा’च्या दिवशी कुठे ‘मूग’, कुठे ‘ताक-भात’. हरभरा आणि वाटाणा एकदाही नाही. पहिल्या पाळीच्या आदल्या रात्री ‘मोड’, म्हणजे सकाळच्या डब्याची उसळ. ‘सिलिंडर लावला’. ‘गवार दोनदा झाली’. मी सुट्टीत आलो त्या तारखेला माझ्या नावाचे आद्याक्षर आणि पुढे ‘थालीपीठ’.

जमाखर्चाची इतकी चोख वही मी प्रॅक्टिकललाही लिहिलेली नाही. मी मागची पाने चाळली, जानेवारीपर्यंत गेलो. बाबांची आवड होती, माझी होती, एकदा आलेल्या आत्याचे पथ्यही होते. आईचे नाव कुठेच नव्हते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जातो आणि अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटे, असे तीत आढळले. आकडा मोठा आहे. पण तो हातांनी केलेल्या कामाचा. दुपारी कपडे वाळत घालताना रात्रीच्या भाजीचा जो विचार डोक्यात चालू असतो, तो कुठल्या रकान्यात धरायचा?

त्या रात्री मी आज्जीला फोन केला. तब्येतीची चौकशी झाल्यावर विचारले, “आज्जी, आईला खायला काय आवडतं?” आज्जी पडल्या पडल्या हसली. “अकीगे पुंडीपल्ल्या अंद्र जीव!” पुंडीपल्ल्या म्हणजे अंबाडीची भाजी, तूरडाळ आणि कण्या घालून शिजवलेली, वर लसणाची फोडणी. सोबत ज्वारीची भाकरी. नंदेसरीच्या घरात ही भाजी झालेली मला आठवत नाही. बाबांना आंबट सोसत नाही.

आई पाच आठवड्यांनी परतली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारले, “आई, आज काय करू?”

ती म्हणाली, “काहीही चालेल.”

“ते उत्तर आता चालत नाही. नाव सांग.”

ती बराच वेळ विचारात पडली. मग म्हणाली, “पिठलं-भात कर.”

“ते बाबांचं. तुझं सांग.”

“माझं?” असे म्हणून ती नुसतीच बघत राहिली. तिला खरेच आठवत नव्हते. मला आज्जीचे उत्तर ठाऊक होते, पण ते मी तिच्या तोंडात घातले नाही. दोन दिवसांनी भांडी लावताना ती आपणहून म्हणाली, “अंबाडी मिळते का रे इथं कुठं?”

मी रविवारी बडोद्याला खंडेराव मार्केटपर्यंत जाऊन आलो. अंबाडी मिळाली नाही. आंबट चुका मिळाला. त्याचीच भाजी केली. आईने शेजारी उभे राहून एकही सूचना केली नाही, याचे तिला किती कष्ट पडले असतील ते मी जाणतो. भाकऱ्या मात्र तिनेच थापल्या.

बाबांनी पहिला घास घेतला, डोळे बारीक केले आणि पाणी प्यायले. मी वाट पाहत होतो. त्यांनी आईच्या पानाकडे पाहिले. ती दुसऱ्यांदा भाजी वाढून घेत होती. मग त्यांनी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला.