पेढीवरून पलटणीत

नळदुर्गचा पाणीमहाल पाहून परतताना आम्हांस मेडोज टेलर आठवले. लिव्हरपूलचा हा मुलगा पंधराव्या वर्षी मुंबईच्या व्यापाऱ्याकडे कारकून म्हणून आला. पेढीची ओढाताण पाहून 1824 मध्ये तो निजामाच्या फौजेत शिरला. पुढे 1853 ते 1857 टेलरसाहेबांनी नळदुर्ग जिल्हा सांभाळला. पत्नी मेरी, हैदराबादच्या पामर सावकारांची कन्या आणि फैज बक्श बेगमेची नात, तोवर निवर्तली होती. मुली विलायतेत वाढत होत्या. दिवसभर रस्ते, तळी आणि खटले. रात्री मात्र रिकामा बंगला. जहाजावर, आखातात राबणारे बाप आमच्याही घरोघरी आहेत, म्हणून हे मनास लागले. टेलर 1876 मध्ये वारले. पुढल्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र निघाले. त्याचे संपादन मुलीनेच केले होते.