सात गुणांची बाजू

दहावीच्या निकालात चित्रकलेचे आणि खेळाचे वाढीव गुण धरू नयेत, असं मी अनेक वर्षं मानत आले. शिक्षकखोलीत त्यावर वाद घातले, पालकसभेत बोलले, संस्थेच्या बैठकीतही मत मांडलं. आज मी त्याच गुणांच्या बाजूने उभी आहे. माझं जुनं म्हणणं ज्यांनी ऐकलं, काहींनी मान्यही केलं, त्यांना या बदलाची कारणं कळायला हवीत, म्हणून हे लिहिते आहे.

आधी जुनं मत सांगते, कारण ते उथळ नव्हतं. इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेत ए श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण मिळतात, बी श्रेणीला ५ आणि सी श्रेणीला ३. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये खेळाडू कोणत्या स्तरापर्यंत पोचला त्यावर त्याचे गुण ठरतात. ते जास्तीत जास्त २५ असतात. शास्त्रीय नृत्य, गायन, वादन आणि लोककला यांच्यासाठीही तरतूद आहे. मला वाटायचं, मुलीने चित्र काढावं ते चित्राच्या ओढीने आणि मुलाने खो-खो खेळावा तो खेळाच्या ओढीने. गुण जोडले की ओढ मागे पडते आणि हिशेब पुढे येतो.

तसं होताना दिसतही होतं. स्मरणचित्राच्या पेपरासाठी भाजी मंडई, बसथांबा, पावसाळी दिवस असे विषय मुलांकडून घोटून घेतले जायचे. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या मंडईत तीच टोपलीवाली त्याच कोपऱ्यात बसलेली असायची. इंटरमिजिएटचा निकाल लागला की रंगपेटी माळ्यावर जायची. निकालातले शंभर टक्केही मला खटकायचे, आजही खटकतात. २०२५च्या दहावीच्या परीक्षेत राज्यातल्या २११ विद्यार्थ्यांना १०० टक्के मिळाले, त्यांतले ११३ एकट्या लातूर विभागातले होते. सर्वोत्तम पाच विषयांचे ५०० गुण धरले, तर ७ गुण म्हणजे १.४ टक्के. अकरावीच्या प्रवेशात तेवढ्या फरकाने महाविद्यालय बदलतं. मी गणित शिकवते. गणितात कमी पडलेले गुण चित्रकलेने भरून काढावेत, हे मला पटत नव्हतं.

हे मत कुठून आलं, तेही सांगायला हवं. मी पुण्यात वाढले. वडिलांची नोकरी कायमची होती. घरात रंग असायचे, वाचनालयाची वर्गणी वेळेवर भरली जायची, मे महिन्यात एखादं शिबिर ठरलेलं असायचं आणि संध्याकाळी मैदानावर जायला कुणाची परवानगी लागत नसे. मी काढलेल्या चित्राला किती गुण आहेत, असं आईवडिलांनी कधी विचारलं नाही. तो प्रश्न त्यांच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं. कलेचा निखळ आनंद मी अनुभवला होता आणि तो सगळ्यांना तसाच मिळावा, अशी माझी प्रामाणिक इच्छा होती. त्या आनंदाची किंमत घरातलं कुणीतरी आधीच चुकती केलेली असते, हे मात्र मला दिसलं नव्हतं.

ते दिसलं संस्थेने माझी बदली सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या शाळेत केल्यावर. माण-खटावचा हा मुलूख कमी पावसाचा. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे वडील मुंबईत माथाडी कामगार, आणि गावात आई शेती, म्हशी आणि सासू-सासरे सांभाळणारी. शाळा सुटली की मुलींना पाणी भरायचं असतं, धाकट्या भावंडाकडे बघायचं असतं. त्या घरांमध्ये संध्याकाळचा मोकळा तास नावाची गोष्टच नाही. तिथे मुलीच्या वेळेचा प्रत्येक तुकडा कुणाला तरी हवा असतो, आणि तो तिला स्वतःसाठी मागायचा तर कारण द्यावं लागतं.

आमच्या कलाशिक्षकांनी नववीतल्या एका मुलीचा इंटरमिजिएटचा फॉर्म भरायचं ठरवलं. तिचा हात चांगला होता. परीक्षेचं केंद्र तालुक्याच्या गावी, म्हणजे एसटीने जाणं-येणं आलं. मी वर्गशिक्षिका, म्हणून तिच्या आईशी बोलायला सर मलाही घेऊन गेले. चित्रकलेने मुलांची निरीक्षणशक्ती वाढते, मन एकाग्र होतं, असं बरंच मी बोलले. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, त्यानं दहावीला मार्क वाढत्यात का?” वाढतात, असं सरांनी सांगितलं. “मग जाऊ द्या. नुसतं चित्रं काढाय म्हणून कशी पाठवू? भावकीला काय सांगू?”

त्या बाईला लेकीची हौस समजत नव्हती असं नाही. मुलीने काढलेली बैलजोडी तिने पिठाच्या डब्याच्या वर भिंतीला चिकटवून ठेवली होती. तिला हवं होतं ते चारचौघांत सांगता येईल असं कारण. निरीक्षणशक्ती हे कारण भावकीत चालत नाही. सात गुण चालतात.

ती मुलगी जूनपासून सप्टेंबरपर्यंत शाळा भरण्याआधी येऊन बसायची. सर टेबलावर तांब्या, दोन कांदे, घडी पडलेलं कापड मांडायचे. वस्तू नीट बघायला ती तिथे शिकली. तांब्याच्या पोटावर खिडकीचा उजेड कुठे संपतो, कापडाच्या घडीत सावली एकसारखी काळी का नसते, हे तिने शोधून काढलं. इंटरमिजिएटला भूमितीचाही पेपर असतो. घन वस्तूचं वरून आणि समोरून दिसणारं रूप ती कागदावर उतरवायला लागली तेव्हा माझ्या वर्गातली तिची भूमिती सुधारली, हे मी रोज पाहत होते. परीक्षेनंतरही तिने वही सोडली नाही. ज्वारी पाखडणारे आईचे हात तिने कितीदा काढले असतील. त्या चित्रांना एकही गुण मिळणार नव्हता. तिच्या बरोबरीच्या बहुतेक मुलांनी मात्र रंगपेट्या मिटल्या, हेही खरं आहे. पण पेटी उघडायची संधी सगळ्यांना मिळाली, म्हणूनच ती कुणाला लागते ते कळलं.

खेळातही मला हेच दिसलं. ललिता बाबर आमच्याच माण तालुक्यातल्या मोही गावची. शाळेत ती खो-खो खेळायची. पुढे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये तिने २०१५ साली आशियाई अजिंक्यपद मिळवलं आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. तिचा अभिमान आमच्याकडे घरोघरी आहे. तरीही स्वतःच्या मुलीला जिल्ह्याच्या ठिकाणी मुक्कामी पाठवायची वेळ आली की प्रत्येक घर नव्याने विचार करतं. अशा वेळी ललिताच्या नावाने जितकं काम होतं त्याहून जास्त काम क्रीडागुणांनी होतं. मुली तालुक्याला जिंकतात, जिल्ह्याला जातात, परक्या मैदानावर हरतात, हरल्यावर एकमेकींना सावरतात आणि परत आल्यावर वर्गात वेगळ्याच आवाजात बोलतात. हे शिक्षण माझ्या फळ्यावरून देता येत नाही.

माझं मत खऱ्या अर्थाने फिरलं ते करोनाच्या वर्षी. २०२०-२१मध्ये रेखाकला परीक्षा झाली नाही आणि दहावीच्या मुलांना चित्रकलेचे वाढीव गुणही मिळणार नाहीत, असं जाहीर झालं. माझा जुना तर्क बरोबर असता, तर हिशेब संपल्यावर चित्रकला मोकळी व्हायला हवी होती. आमच्या शाळेत तास सुरू झाले तेव्हा वेळापत्रकातून सर्वांत आधी चित्रकला गेली. तिची जागा गणिताने आणि इंग्रजीने घेतली. काळच तसा होता, सगळीकडेच काटछाट चालली होती, हे मी धरून चालते. पण शाळा पूर्ववत झाल्यावरही तो तास आपसूक परत आला नाही. परीक्षेचे फॉर्म पुन्हा सुरू झाले, पालक विचारायला आले, तेव्हा तो परत आला. त्या तासाचं रक्षण इतकी वर्षं वाढीव गुण करत होते. आमची कलेविषयीची आस्था त्याला पुरली नव्हती.

म्हणून आता मला दिसतं ते असं. ज्या मुलांच्या घरी पैसा, सवड आणि जाण आहे, त्यांना गुण नसले तरी चित्र, गाणं, मैदान, शिबिर, सहल सगळं मिळतं. गुण काढले तर त्यांची गुणपत्रिका किंचित बदलेल, बालपण बदलणार नाही. आमच्याकडच्या मुलांचं बालपण बदलेल. शहरातल्या वशिल्याच्या प्रमाणपत्रांना आळा घालण्यासाठी गुणच रद्द करा, असं आपण म्हणतो, तेव्हा त्याची किंमत माणमधली मुलगी मोजते.

माझे काही आक्षेप आजही कायम आहेत. घोटलेली मंडई मला आजही नको आहे. आमच्या सरांनी आता विषय गावातलेच द्यायला सुरुवात केली आहे आणि मुलांची चित्रं वेगवेगळी येऊ लागली आहेत. शंभर टक्क्यांचा गाजावाजा मला आजही पटत नाही. प्रत्येक गोष्टीला गुण लावत जाणंही पटत नाही. एक मुलगा शाळेच्या आवारातल्या पक्ष्यांची नोंद ठेवतो, एक मुलगी आजीकडून ओव्या लिहून घेते. त्यांना प्रमाणपत्र नाही आणि ते देऊही नये. त्यांना हवा आहे तो वेळ आणि लक्ष देणारं मोठं माणूस.

ते मोठं माणूस शाळेत असणं, हाच खरा प्रश्न आहे. शिक्षण हक्क कायदा २००९मध्ये आला. सहावी ते आठवीला शंभराहून अधिक मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक असावेत, असं त्या कायद्याची अनुसूची सांगते. माध्यमिक शाळांत मात्र कलाशिक्षक निवृत्त झाले की त्यांची जागा रिकामीच राहते, हे आमच्या भागात मी पाहते आहे. जिथे शिक्षकच नाहीत तिथल्या मुलांना सात गुणांचा काय उपयोग? गुणांची तरतूद अन्याय्य आहे असं म्हणायचं, तर ती या मुलांच्या बाबतीत. त्यावरचा उपाय गुण काढून टाकणं हा नाही.

वाढीव गुण कायमचे राहावेत, असं मी म्हणत नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेत पूर्णवेळ कलाशिक्षक आणि क्रीडाशिक्षक असावेत, त्यांचे तास कुणाला घेता येऊ नयेत आणि गरजू मुलांना रंग आणि प्रवासखर्च शाळेकडून मिळावा. हे झालं की गुण खुशाल काढावेत. ते होईपर्यंत मी त्यांच्या बाजूने बोलत राहीन आणि आमच्या मुलांचे प्रस्ताव मंडळाकडे मुदतीत जातील हे पाहीन.

माझं जुनं मत आजही बाळगणाऱ्यांना एकच विनंती आहे. आपल्या मुलांच्या शाळेवरून हा निर्णय करू नका. एखाद्या दुष्काळी तालुक्यातल्या शाळेत फेब्रुवारी महिन्यात जा, नववीचं वेळापत्रक पाहा आणि चित्रकलेचा तास प्रत्यक्षात कोण घेतं ते मुलांना विचारा. तो कलाशिक्षकच घेत असतील, तर गुण रद्द करण्याच्या तुमच्या मागणीवर माझीही सही घ्या.