मास्तर कोणत्या भाषेत बोलतात?

बायकोच्या मावशी आदिलाबादला राहतात. गेल्या दिवाळीच्या सुटीत नांदेडहून रेल्वेने तिकडे गेलो. वाटेतलं किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. भाषावार प्रांतरचनेत ते मराठी मुलखात आलं, आदिलाबाद आंध्रात गेलं आणि आपलं बीदर म्हैसूर राज्यात. त्याआधी आपण सगळेच निजामाचे, आणि सरकारी भाषा उर्दू.

मावशींच्या शेजाऱ्यांबरोबर उटनूरकडे गेलो. इंद्रवेल्लीच्या पुढे एका गोंड म्हाताऱ्याच्या अंगणात बसलो. म्हातारा माझ्याशी चक्क मराठीत बोलला, वऱ्हाडी वळणाच्या. म्हणाला, "मी मराठी शिकलो, पोरगा तेलुगू शिकला, नातू आता इंग्रजीच्या शाळेत. घरात तिघंही गोंडी बोलतो." सून हाताला 'कय' म्हणाली तेव्हा मी चमकलोच. आपल्या घरातलं कन्नड 'कै'! मराठीपेक्षा गोंडी आपल्या कन्नडला जवळची.

त्याच भागात मार्लवाई आहे. १९४० साली जोडेघाटला कुमराम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांची स्थिती पाहण्याचं काम हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञावर सोपवलं. त्यांनी १९४३ मध्ये मार्लवाईत गोंड तरुणांनाच मास्तर करण्याचं शिक्षण सुरू केलं आणि गोंडीची बालबुकं काढली, तीही देवनागरीत. मास्तर पोराच्या भाषेत बोलतो, हे त्या रानात प्रथमच घडलं. पुढे राज्य बदललं आणि शाळेत तेलुगू आली. घटनेच्या ३५०-अ कलमात १९५६ पासून मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची तरतूद आहे. पण अंगणातल्या माणसांना कलमाशी काय देणंघेणं?

"गोंडीत शिकून कुठली नोकरी?" सुनेने विचारलं. तिला अडाणी कोण म्हणेल? टांझानियात प्राथमिक शाळा स्वाहिलीत आणि माध्यमिक इंग्रजीत. तिथल्या आईबापांचा ओढाही इंग्रजीकडेच. मात्र पहिलीत ते पोर वर्षभर गप्प बसतं, असंही तीच म्हणाली. आमच्या कॉलेजातही नोट्स सुबक उतरवणारी आणि प्रश्न विचारला की खाली बघणारी मुलं दरवर्षी असतात. मी त्यांना मठ्ठ समजत आलो.

निघताना म्हाताऱ्याने विचारलं, "गुरुजी, तुमची लेक कोणत्या शाळेत?"

आईची ओव्यांची वही लेकीला वाचता येत नाही, ते आठवलं.

"इंग्रजी," मी म्हणालो.

म्हातारा हसला आणि सुनेला म्हणाला, "चहा टाक."