उसने तांदूळ

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि मंगेशीच्या देवळाची वाट एकाएकी निर्मनुष्य झाली. एरवी सकाळपासून पर्यटकांच्या बसगाड्यांनी गजबजणारा तो रस्ता. आता तळीकाठच्या पाखरांचा आवाज आमच्या ओसरीपर्यंत ऐकू येई. खरे सांगायचे तर मला ती शांतता आवडली होती. निवृत्त शिक्षकाचे निवृत्तिवेतन पर्यटकांवर थोडेच अवलंबून असते? ‘देव पुन्हा आपला झाला,’ असे मी घरात बोलूनही दाखविले.

त्या वाटेवर अबोलीचे वळेसर विकणारी एक वृद्धा आहे. माझी आई हयात असल्यापासून आमच्या घरी तिचीच फुले येत. मे महिन्यात ती दारी आली, ती फुले घेऊन नव्हे. तांदूळ उसने मागायला. मी आतून तांदूळ आणीपर्यंत पायरीवर बसून राहिली. ‘‘मास्तर, झाडाला टाळेबंदी कळत नाही,’’ म्हणाली. परसात अबोली फुलत होती आणि तिथेच सुकत होती. माझे घरातले ते वाक्य मला आठवले.

२ जुलै २०२० पासून गोवा देशी प्रवाशांना खुला झाला. परदेशी चार्टर विमानांना मात्र १५ ऑक्टोबर २०२१ पर्यंत थांबावे लागले. मधल्या काळात दुसऱ्या लाटेने जे उभे राहू पाहत होते तेही आडवे केले. पुढे केंद्राने पहिल्या पाच लाख पर्यटक व्हिसांचे शुल्क माफ केले. तरी २०१९ साली नऊ लाखांवर असलेले परदेशी पाहुणे २०२३ मध्ये साडेचार लाखांच्या आसपासच होते. देशी पाहुणे मात्र ७१ लाखांवरून ८१ लाखांवर गेले. किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांना पहिला आकडा सलतो. फुलवालीचा संसार दुसऱ्यावर चालतो.

त्यातही तिला प्रथम हात दिला तो कुळाव्यांनी. बेळगाव, कारवार, मुंबईची मंडळी अग्रशाळेत उतरू लागली, अभिषेक सुरू झाले, वळेसर खपू लागले. गर्दीला नाके मुरडणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावे, की खुद्द मंगेश सोळाव्या शतकात कुशस्थळीहून झुवारी ओलांडून येथे आला. येणाऱ्याला आम्ही कोण अडविणार?

२०२२ च्या डिसेंबरात ती तांदूळ परत घेऊन आली. मी नको म्हणालो.

‘‘उसने म्हणून नेले होते, मास्तर,’’ एवढेच बोलून तिने टोपली उचलली. देवळापाशी बस लागली होती.