शू आली

माझ्या आईच्या घरी पावसाळ्यात दुपटी वाळत नसत. मग माजघरात शेगडी पेटायची, तिच्यावर वेताची टोपली पालथी घालायची आणि टोपलीवर एकेक दुपटं पसरलं जायचं. खाली निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा. तो ओलसर, धुरकट, ऊबदार वास आला की घरात तान्हं आहे हे दारातूनच कळे. माझ्या धाकट्या भावाला आई स्वयंपाकाच्या आधी मोरीत न्यायची, पाटावर बसून दोन्ही पाय पुढे घ्यायची, त्याला पावलांवर टेकवायची आणि ओठांतून हलकेच ‘श्शू’ असा आवाज काढायची. तो आवाज ऐकला की बाळाच्या अंगातलं काहीतरी सैल होई. बाळ काही शिकलेलं नसायचं, त्याची वेळ आईला पाठ झालेली असायची.

माझी नात मनू डायपरमध्ये वाढली. त्यात वाईट काही नाही. लेक नोकरी करते, रात्रीची झोप तिलाही हवी. पण डायपर ओल इतकी शोषून घेतं की आपण भिजलो हे मुलाच्या लक्षातच येत नाही. दुपट्यातलं मूल भिजलं की रडायचं आणि त्या रडण्यातून त्याला स्वतःचं अंग कळत जायचं. मनूला ते जरा उशिरा कळलं, एवढंच.

म्हणून तिचं बोलणं मी कान देऊन ऐकत होते. दोन वर्षांची असताना ती सांगायची, “शू झाली.” म्हणजे सगळं उरकल्यावर, पायांखालच्या थारोळ्याकडे कौतुकाने बघत. काही महिन्यांनी खेळता खेळता थबकून, डोळे मोठे करून, “शू होतेय.” आणि एके दिवशी संध्याकाळी, मी तुळशीला दिवा लावत असताना, माझा पदर ओढून ती म्हणाली, “आजी, शू आली.” मी दिवा तसाच ठेवून तिला उचलून धावले. झाली, होतेय, आली. या तीन शब्दांतलं अंतर कापायला तिला जवळजवळ वर्ष लागलं. डायपर सोडायची तयारी म्हणतात ती हीच, असं मला वाटतं. बाकीची लक्षणं तिच्या आजूबाजूने येतात: दोन-दोन तास कोरडं राहणं, चड्डी स्वतः खाली ओढता येणं, ओल्याची किळस वाटणं. शी करायला मनू पडद्यामागे जायची. पडद्याखालून दोन पावलं तेवढी दिसत, बोटं घट्ट रोवलेली. तो एकांत तिने आपणहून शोधला होता. तिला तिथून ओढून काढू नका, असं मी घरात सगळ्यांना बजावलं होतं.

साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलं तयार होतात, कुणी थोडं पुढे, कुणी थोडं मागे. 1962 साली ब्रेझल्टन नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने हजाराहून जास्त मुलांच्या नोंदी मांडून हेच सांगितलं होतं, की मुलाच्या कलाने घ्या, घाई करू नका. रात्रीचं कोरडेपण तर फार पुढची गोष्ट. पाचव्या वर्षीही कित्येक मुलांचं अंथरूण ओलं होतं, त्यात मुलाचा दोष नसतो.

शाळेचं कॅलेंडर मात्र जूनवर थांबतं. मनूच्या प्रवेशाच्या फॉर्मवर एक ओळ होती: मूल डायपरमुक्त असावे. लेकीने ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली. तिच्या आवाजातली भीती मला अजून ऐकू येते. मे महिना आम्ही गॅलरीतल्या पिवळ्या पॉटीभोवती काढला. मनू शिकली. पण शाळेच्या चौथ्या दिवशी बारा वाजता फाटकातून बाहेर आली ती पाय जुळवून, तोंड पांढरं पडलेलं, आणि मला पाहताच पायरीवरच तिचा फ्रॉक भिजला. सकाळी नऊपासून तिने धरून ठेवली होती. तिथल्या संडासात अंधार होता, फ्लशचा मोठा आवाज यायचा आणि सोबत येणाऱ्या मावशींचं नाव तिला माहीत नव्हतं. तयार मूलसुद्धा अशा ठिकाणी मागे सरतं. असं धरून ठेवायची सवय शीच्या बाबतीत जास्त वाईट, कारण शी कडक होते, दुखते, आणि दुखते म्हणून मूल आणखी धरून ठेवतं.

दुसऱ्या दिवशी बाईंची परवानगी घेऊन मी आत गेले. दिवा लावला. फ्लशची साखळी मनूच्या हातात दिली, तीनदा ओढू दिली. मावशींनी तिला आपलं नाव सांगितलं आणि तिच्या चड्डीची नाडी बघून म्हणाल्या, “आजी, उद्यापासून इलॅस्टिकची घाला. गाठ सोडेपर्यंत होऊन जाते पोरींची.” किती खरं होतं ते! महिनाभर आम्ही मुलीला शिकवत होतो आणि गाठीकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

मावशींच्या त्या बोलण्याने मला एक जुनी बालवाडी आठवली. बोर्डी गावी 1945 साली बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ती सुरू केली. मुलं तिथवर येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुलांना न्हाऊ घालणं, नखं कापणं हा तिथे शिक्षणाचाच भाग होता. आजही अंगणवाडीत सेविकेच्या जोडीला मदतनीस असते. मुलाची ओली चड्डी बदलणारा हातही शिकवत असतो, हे ताराबाई-अनुताईंना ठाऊक होतं आणि म्हणून ते काम त्यांनी कधी हलकं मानलं नाही.

मनू आता रोज शाळेत जाते. दप्तरात एक जादा चड्डी असते, तिच्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

येत्या जूनमध्ये तुमचं मूल शाळेत जाणार असेल, तर वर्गातली रंगीत चित्रं नंतर बघा. आधी संडास कुठे आहे ते विचारा, मुलाचं बोट धरून तिथे जा, दिवा लावून दाखवा आणि मावशींचं नाव त्याला सांगा.