वजन उतरवणे आहे

आमच्या खान्देशात वजनाला फार मान आहे. जळगावची केळी वजनावर जाते, कापूस वजनावर जातो, आणि सराफाच्या पेढीवर काटा स्थिर होईपर्यंत तर अख्खं कुटुंब श्वास रोखून उभं असतं. माणसाचंही तेच. चार महिन्यांनी आलेल्या पाहुण्याला आधी 'किती वाळला हो!' म्हणतात आणि मग पाटावर बसवून त्याची भरपाई करतात. पण वजनाचा खरा सोहळा बघायचा तो बारागाड्यांचा. एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, त्यांत माणसं ठासून भरलेली, कडेनं पोरं लटकलेली, आणि पुढं एकटा भगत त्या सगळ्या ओढून नेतो. 'चार माणसं खाली उतरा, म्हणजे गाड्या जोरात पळतील' अशी सूचना तिथं कोणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. उलट उशिरा आलेल्यालाही हात देऊन वर घेतात.

अशा मुलखात माझ्या भाच्यानं गाडीचं वजन उतरवायला काढलं.

गाडी म्हणजे माझ्या धुळ्याच्या मेहुण्यांची पद्मिनी. 1993 साली घेतलेली, एमएच 18. पंचवीस वर्षं तिनं या घराची लग्नं, बाळंतपणं आणि भरताची वांगी इमानानं वाहिली. भाचा जळगावला नोकरीला. शनिवारी धुळ्याला येतो आणि रविवारी काहीतरी उघडून बसतो. त्याला स्पोर्ट्स कार हवी होती. ती घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून घरात असलेल्या गाडीतूनच ती काढायची असं त्यानं ठरवलं. पाथरवट जसा दगडातून मारुती काढतो, नको तेवढं फोडून टाकायचं की झालं.

"मामा, साधं गणित आहे," तो मला म्हणाला. त्याची गणितं नेहमी साधीच असतात, फक्त खर्च कठीण येतो. "इंजिनाची ताकद तीच, ओढायचं वजन कमी, म्हणजे वेग लवकर चढणार. शिवाय हलकी गाडी नुसती पळत नाही, वळते चांगली आणि थांबतेही लवकर."

आता हे खोटं नाही. विलायतेत कॉलिन चॅपमन नावाच्या गृहस्थानं 1952 साली लोटस कंपनी काढली ती याच एका ध्यासावर. पोर्शवाल्यांनी 1973 च्या त्यांच्या कॅरेरा आरएस गाडीतून मागच्या सीटा काढल्या, काचा पातळ केल्या, आणि दार ओढायला हँडलऐवजी पट्टी लावली. त्यांच्या 917 या शर्यतीच्या गाडीत तर गिअरच्या दांड्याची मूठसुद्धा बाल्साच्या लाकडाची होती, म्हणजे आपल्याकडच्या भेंडासारखी हलकी! सगळ्यांत झकास गोष्ट मर्सिडीझची. 1934 साली जर्मनीत शर्यतीच्या गाडीला 750 किलोंची मर्यादा होती. आदल्या रात्री यांची गाडी भरली 751. तेव्हा रात्रभर घासून गाडीचा पांढरा रंगच खरवडून काढला, आणि सकाळी ती चंदेरी पत्र्यानिशी शर्यतीत उतरली. ही गोष्ट त्यांच्या व्यवस्थापकानं, नॉयबाउअरनं, आपल्या आठवणींत सांगितली आहे. इतिहासकार म्हणतात, थाप आहे. असेना का. आपल्या घराण्याबद्दल इतपत थाप मारायची मुभा कोणालाही असावी.

भाच्यानं ही गोष्ट सांगितली तेव्हा मेहुण्यांनी वर्तमानपत्र बाजूला केलं आणि म्हणाले, "रंग खरवड. पण मग नवा देऊन दे."

कामाला सुरुवात झाली. ताणकाटा आला, वही आली. आधी वजनकाट्यावर गाडी नेऊन पावती घेतली: 890 किलो. मग एकेक नग काढायचा, काट्याला टांगायचा आणि वहीत मांडायचा. मागचं सीट 21. स्टेपनी 14. टपावरचं कॅरिअर 12. गालिचे, रबर आणि त्याखालचा नमदा 9. जॅक आणि पाने 6. नुसत्या डिकीतून 13 किलो निघाले. त्यात दोन छत्र्या, नारळ फोडायचा कोयता, कोणाच्या तरी मुंजीतला तांब्या आणि एक वरवंटा होता. वरवंटा चढावर चाकामागे लावायला ठेवलेला. पाटा कुठं होता ते अक्कालाच ठाऊक. डॅशबोर्डवरचा गणपती 340 ग्रॅम भरला. तो वहीत पेन्सिलीनं लिहिला आणि लगेच जागच्या जागी बसवला. एकूण उतरले 75 किलो. 1089 सीसीच्या त्या इंजिनात जेमतेम चाळीसेक घोडे. भाच्याच्या हिशेबानं साडेतीन घोडे फुकट मिळाले.

आग्रा रोडवरच्या मिस्तरीनं ही वही डोळ्यांशी धरून वाचली. मग भाच्याला नखशिखान्त न्याहाळलं. "साहेब, एक आयटम राहिला. तुमचं स्वतःचं वजन किती?" भाचा 94 किलोंचा आहे. तो म्हणाला, ड्रायव्हर धरत नाहीत.

इथवर सगळं ठीक होतं. पण दिवस होते 2018 सालच्या चैत्राचे, आणि आखाजी पंधरा दिवसांवर आली होती. इतरांकडे अक्षय तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा मुहूर्त. खान्देशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणीनं माहेरी जायचं. झोके, सांजोऱ्या, आमरस. भाच्याची आजी, जिला सगळे माय म्हणतात, ती तेव्हा चौऱ्याऐंशीची. माहेर एरंडोलच्या अलीकडे. भाऊ-भावजया केव्हाच गेल्या, आता भाचेसुना आहेत, तरी माय दर आखाजीला जाणार म्हणजे जाणार. एसटीत चढणं गुडघ्यांनी बंद केलेलं. पद्मिनीच्या मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी, ही तिची पंचवीस वर्षांची राखीव जागा.

माय ओट्यावरून उतरून गाडीपाशी आली. आत वाकून बघितलं. जिथं तिची जागा होती तिथं उघडा पत्रा होता.

"मी बसू कोठे रे?" तिनं विचारलं.

भाचा तिला गणित समजावू लागला. ताकद तीच, वजन कमी. मायनं सगळं ऐकून घेतलं. "मी काय वझं शे का?" एवढंच म्हणून ती घरात गेली. त्या रात्री ती जेवली, पण कोणाशी बोलली नाही. अक्का भांडी नेहमीपेक्षा जोरात ठेवत होती. मेहुणे वर्तमानपत्रामागे होते, पण पान उलटत नव्हते.

दुसऱ्या दिवशी भाचा आणि मी चाचणीला निघालो. फागण्यापर्यंत गाडी खरंच तरतरीत चालली, हे कबूल केलं पाहिजे. पुढं रस्ता उखडलेला लागला आणि गाडीची मागची बाजू नाचू लागली. खड्ड्यातून बाहेर पडताना चाकं जागच्या जागी गरगरली. आत आवाज असा, की डालडाच्या डब्यात बसून चाललोय. भाचा घामाघूम. तसेच मिस्तरीकडे परतलो.

मिस्तरीनं गाडीखाली डोकावायचीही तसदी घेतली नाही. "पद्मिनीला जोर मागच्या चाकांचा. वर पाट्यांच्या स्प्रिंगा. तुम्ही वजन काढलं ते सगळं मागचंच. मग चाक जमीन धरेल कसं? मागं काहीतरी लागतं, साहेब. वाळूचं पोतं टाका."

भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. शर्यतीच्या गाड्यासुद्धा मर्यादेपेक्षा हलक्या झाल्या की हव्या त्या ठिकाणी मुद्दाम वजन बसवतात, हे त्याला पुस्तकातून माहीत होतं. तो काही बोलला नाही. घरी येऊन मागचं सीट बसवलं, स्टेपनी ठेवली, जॅक ठेवला. गालिचे तेवढे त्यानं परत घातले नाहीत. माणसाला काहीतरी तत्त्व असावं लागतं.

पुढल्या वर्षी, 2019 च्या जानेवारीत, कंपनीनं घडवलेल्या गाडीच्या मूळ नमुन्यात मालकाला मनमानी बदल करता येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला. ते कात्रण मेहुण्यांनी जपून ठेवलं आहे.

आखाजीला आम्ही गेलो. माय मागं डाव्या खिडकीशी, शेजारी अक्का, पुढं मी. उन्हानं टप तापलेलं, पण गाडी मुकाट्यानं, जमीन धरून पळाली. तिथल्या भाचेसुनांनी मायला झोक्यावर बसवलं, हलकेच दोन झोके दिले. निघताना जे व्हायचं तेच झालं. नव्या गव्हाचं अर्धं पोतं, आंब्यांची पेटी, बिबड्यांचा डबा, केळीचा घड, शेवया. भाचा 'नको, नको' म्हणत होता आणि डिकी भरत होती.

परतताना पारोळ्याच्या अलीकडे एका जिनिंगबाहेर वजनकाटा दिसला आणि त्याला राहवेना. गाडी काट्यावर चढवली. आम्ही सगळे उतरलो. माय उतरली नाही. काटा म्हणाला 985.

काट्यावरच्या पोरानं पावतीबुक उघडलं. "माल काय आहे?"

मागच्या खिडकीतून माय म्हणाली, "मन्हं माहेर शे. लिखी ले."

पोरानं डोकं खाजवलं, 'किरकोळ' असं लिहिलं आणि पन्नास रुपये घेतले.