दुसरी वायर कुठे आहे?

आमच्याकडे भाजी वाहायची एक जुनी पिकअप आहे. 2019 च्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी बेळगावच्या मार्केटातून रिकामे क्रेट घेऊन आम्ही दोघे वेंगुर्ला रोडने परत येत होतो. शेताच्या वाटेला उजवीकडे वळायचे होते. इंडिकेटर दिला, ब्रेक दाबला आणि वळणार तोच उजव्या बाजूने एक मोटरसायकल आरशाला जवळजवळ घासून पुढे गेली. पुढे जाऊन ती थांबली.

"सिग्नल द्यायचा नव्हता काय हो?"

"दिला होता की!" आम्ही दोघांनी एकदमच सांगितले. डॅशबोर्डवरचा हिरवा बाण अजून लुकलुकत होता. त्या गृहस्थांनी हेल्मेट काढल्यावर ओळख पटली. आपल्याच शाळेतील पाचवीच्या एका मुलीचे ते वडील. मुलगी मागे बसली होती, दप्तर छातीशी धरून.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. इंडिकेटरची टिकटिक मंदावल्याचे महिनाभर कळत होते. जुनी गाडी, चालायचेच, म्हणून सोडून दिले होते.

दुसऱ्या दिवशी नवा फ्लॅशर आणून बसवला. जुन्या गाड्यांतला फ्लॅशर उष्णतेवर चालतो. दिव्यांना जाणाऱ्या विजेने आतली पट्टी तापते, वाकते आणि संपर्क तुटतो. थंड झाली की पुन्हा जुळतो. 12 व्होल्टवर 21 वॅटचा एक बल्ब पावणेदोन अँपिअर वीज घेतो, पुढचा व मागचा मिळून साडेतीन. वीज कमी वाहिली की टिकटिक मंदावते. म्हणजे तो बिचारा तक्रार करत होता आणि आम्ही तक्रार करणाऱ्यालाच बदलून टाकले! मग मागचा बल्ब बदलला. जुना बल्बही चांगलाच निघाला. एका वायरमनने सगळी वायरिंगच नवी करा म्हणून सांगितले, आणि खरे सांगायचे तर आम्ही त्यालाही तयार झालो होतो.

रविवारी दहावीतल्या लेकीला गाडीच्या मागे उभे केले. इतके दिवस हे का सुचले नाही, देव जाणे. आम्ही बघत होतो तो आतला बाण!

"लागतोय, पण मंद आहे," ती म्हणाली. आणि मग, "बाबा, आता विझला!"

त्याच क्षणी ब्रेक दाबला होता. ब्रेक सोडला की मिणमिणता उजेड, दाबला की अंधार. वळताना तर ब्रेक दाबलेलाच असतो.

लेकीने विज्ञानाचे पुस्तक आणले. त्यातल्या आकृतीत बॅटरीपासून बल्बकडे एक तार जाते, दुसरी परत येते. "मग इथे दुसरी वायर कुठे आहे?" आम्ही दोघेही वाकून शोधू लागलो. शेजारचे मेस्त्री हे बघून हसले. गाडीची बॉडी हीच दुसरी वायर. बॅटरीचे निगेटिव्ह टोक पत्र्याला जोडलेले असते, त्यामुळे बल्बमधली वीज पत्र्यातूनच परत जाते. यालाच 'अर्थ' म्हणतात. त्यांनी एका लांब वायरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे मागच्या दिव्याच्या होल्डरला टेकवले. दिवा लख्ख!

अर्थची वाट बंद झाल्याने वीज शेजारच्या ब्रेकच्या बल्बमधून उलटी शिरून डाव्या बाजूच्या दिव्यांतून परतत होती. ब्रेक दाबला की त्या तारेवर समोरून 12 व्होल्ट येत, मग तीही वाट बंद.

बोल्ट खोलला तर खाली तांबड्या गंजाचा थर. ओल्या कोथिंबिरीचे, मेथीचे पाणी वर्षानुवर्षे तिथेच निथळत होते. पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासला, बोल्ट आवळला, वर व्हॅसलीन चोपडले. अर्ध्या तासाचे काम. पैसे गेले ते फ्लॅशर आणि बल्बचेच.

सोमवारी शाळेच्या फाटकाशी ते गृहस्थ भेटले. आम्ही माफी मागितली आणि त्यांना गाडीच्या मागे नेऊन इंडिकेटर लावून दाखवला. त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, "आता ब्रेक दाबा बघू."

आम्ही दाबला.